बिअर बुर्गी करायची

माझी बायको नोटबुर्गा ऑक्टोबरमध्ये गेली. गावात तिला सगळे बुर्गी म्हणत. मातीला चांगली दीडशे माणसं होती. कोर्बिनियन रंगारी कबरीपाशी उभा राहून चार शब्द बोलला. गावच्या बिअरकरांचा तो मुखिया, त्यामुळे असं बोलणं त्याच्याकडेच असतं. टोपी काढून, घसा साफ करून तो म्हणाला, "बुर्गी गेली. आपल्या लोइसच्या बिअरला तिचा कायम हातभार असायचा."

हातभार!

लोइस म्हणजे मी. मी तिथं काळा कोट घालून उभा होतो, हातात ओली माती होती. पाद्रीबाबा समोर होते म्हणून गप्प बसलो, नाहीतर ती माती मी कोर्बिनियनच्या तोंडावर मारली असती. लोक माना हलवत होते. "हो हो, फार मदत करायची बिचारी." एकानंही तोंड उघडून सांगितलं नाही की बाबा रे, हातभार कसला, सगळंच ती करायची.

आमच्या गावात अकरा घरांना बिअर करायचा हक्क आहे. हक्क घराला असतो, माणसाला नाही. गावच्या मध्ये सगळ्यांचं मिळून एक बिअरघर आहे. तिथं लाकडाच्या जाळावर मोठी तांब्याची कढई आहे. ज्याची पाळी असेल त्यानं तिथं जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि हॉप्सची कडू फुलं शिजवायची, रात्रभर तो गोड काढा उथळ हौदात निववायचा आणि सकाळी ट्रॅक्टरवरच्या टाकीतून घरी न्यायचा. तिथून पुढचं सगळं आपापल्या तळघरात. तिथं यीस्ट घालायचं, आठ-दहा दिवस ते आंबतं, मग पाच-सहा आठवडे थंडीत पडून राहतं, तेव्हा कुठे ती बिअर होते. झाली की दारावर काठीला सहा टोकांचा तारा लावायचा. तारा दिसला की गाव येऊन बसतं.

आता बिअरघरात जे होतं ते सगळ्यांना दिसतं. धूर, वाफ, घाम, शर्ट काढलेले पुरुष, हातात वल्ह्याएवढी ढवळणी. तळघरात जे होतं ते कुणाला दिसत नाही. मी चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होतो. आमची पाळी आली की एक दिवस रजा घ्यायचो, जाळ घालायचो, ढवळायचो, दोन मग रिचवायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. पुढचे दोन महिने ती बिअर बुर्गीची. तळघरात मी गेलो असेन तर बटाटे आणायला. वर तारा लागला की मी दारात उभा राहून मग भरायचो आणि लोक म्हणायचे, "लोइस, तुझ्या हाताला तोड नाही रे!" ती आत पाव कापत असायची.

एकतीस वर्षं हे असं चाललं.

बिअरघराच्या भिंतीवर ओकच्या लाकडाची एक पाटी आहे. बिअर करणारं माणूस गेलं की त्याचं नाव आणि त्यानं किती वर्षं बिअर केली ते त्या पाटीवर रंगवतात. दीडशे वर्षांची नावं आहेत. सगळे बाप्ये. नोव्हेंबरमध्ये हिवाळ्याच्या पाळ्या ठरवायला आम्ही अकरा घरांची माणसं तिथं जमलो, तेव्हा मी उठून म्हणालो, "पाटीवर बुर्गीचं नाव घाला."

मग माझा शेजारी ओटमार हसला. ओटमार कुठेही हसतो, मातीलासुद्धा हसला असता.

"हसायला काय झालं?" मी म्हणालो.

"नाही रे, मला वाटलं तू गंमत करतोयस."

"बायको मेलीय माझी. गंमत कसली करू?"

कोर्बिनियन समजावायच्या सुरात म्हणाला, "लोइस, बस. तुझं दुःख आम्हाला कळतं. पण पाटीवर बिअर करणाऱ्यांची नावं असतात."

"मग तेच सांगतोय मी! बिअर तीच करायची."

"ती तळघर बघायची."

"बिअर तळघरात होते, कोर्बी. इथं फक्त गोड पाणी होतं."

"हे बघ," तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस. तू गेलास की, म्हणजे देव करो आणि उशिरा जावोस, तुझं नाव मी स्वतःच्या हातानं लिहीन. आलोइस श्टाइनडल, एकतीस वर्षं. चांगल्या रंगात."

माझं अंग पेटलं. तिची एकतीस वर्षं माझ्या नावावर! तिनं तळघरात उपसलेले हौद, तिनं घासलेली पिपं, तिनं थंडीत फोडून घेतलेले हात, सगळं माझ्या नावावर लिहिणार आणि वर मला सांगणार की काळजी करू नकोस.

"आणि आज बुर्गी म्हटलं," तो पुढे म्हणाला, "तर उद्या अकरा घरांतल्या सगळ्याजणी येतील. पाटी केवढी आहे बघतोस ना?"

"पाटी लहान आहे म्हणून नाही. तुमची छाती लहान आहे."

"लोइस!"

"या हिवाळ्यातली माझी पाळी सोडली मी. तुमच्या जाळावर मला काही करायचं नाही. मी घरी करतो. पहिल्या ढवळण्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत मी एकटा. आयुष्यात पहिल्यांदा. मग तुम्ही सगळे या आणि प्या. चव बघा आणि मग सांगा, इतकी वर्षं हात कुणाचा होता ते."

ओटमार म्हणाला, "घरी कशात करणार? बादलीत?"

"तुझ्या डोक्यात करतो. रिकामंच आहे."

मी दार आपटून निघून आलो.

कपडे धुवायच्या खोलीत आमच्याकडे एक जुना तांब्याचा हंडा आहे. खाली चूल आहे, वर झाकण आहे. आता धुण्याचं यंत्र असलं तरी बुर्गी चादरी त्यातच उकळायची. पन्नास-साठ लिटर पाणी मावतं. तो मी राखेनं घासला, दोनदा पाणी उकळून ओतून दिलं, साबणाचा वास जाईपर्यंत. लोणच्याचं लाकडी पिंप होतं, ते आंबवायला. गाळायला जुनं तागाचं कापड. एक लांब लाकडी ढवळणं. यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. जुन्या काळी गरीब घरांत असंच करत, बिअरघरात जागा नसे तेव्हा.

यीस्ट आमच्याकडे कुणी विकत आणत नाही. ज्याच्या घरी शेवटची बिअर झाली असेल त्याच्याकडून मागून आणायचं. भांडण असो, कोर्टात दावा असो, यीस्टला नाही म्हणायचं नाही. जानेवारीत शेवटची बिअर कोर्बिनियनच्या घरी झाली होती. म्हणजे मला त्याच्याच दारात जावं लागणार होतं. मी दुधाची किटली घेऊन मागच्या दारानं गेलो. त्याची बायको वाल्ली बाहेर आली.

"आलास?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

"कोर्बी आहे?"

"असला तरी काय उपयोग? त्याला तळघरातला दिवा कुठे लावतात तेसुद्धा माहीत नाही." किटली घेऊन ती खाली गेली आणि पांढरट दाट गाळ घेऊन आली. वर फडकं बांधून दिलं. "थंड ठेव. आणि लोइस, घाई करू नकोस. हे यीस्ट म्हातारीसारखं चालतं. हळू, पण पोहोचतं."

"बुर्गी कसं करायची?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ते तू मला विचारतोस?"

किटली घेऊन घरी आलो. रस्ताभर मला वाल्लीचा राग येत होता, आणि तो राग तिच्यावरचा नाही हे कळतही होतं.

आठवड्यातली सगळ्यात गारठ्याची सकाळ होती. सीमेपलीकडच्या बोहेमियाच्या बाजूनं वारा येत होता. मी हंड्याखाली जाळ केला. दळलेलं माल्ट कोमट पाण्यात टाकून ढवळलं. पेजेसारखं होतं ते, आणि वास भाकरीसारखा. मग त्यातला एक तृतीयांश दाट भाग काढून वेगळ्या पातेल्यात उकळायचा आणि परत हंड्यात ओतायचा, म्हणजे सगळं मिळून जरा जास्त तापतं. असं तीन वेळा. थर्मामीटर वापरला नाही. भट्टीवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला उष्णता कळते असं मला वाटत होतं.

ओटमार कुंपणावरून डोकावला. "लोइस, धुणं काढलंयस का?"

"हो. तुझी चड्डी दे, तीही उकळून देतो."

"नको बाबा. तिला मुरायला सहा आठवडे लागतील."

तो आत आला, थोडा वेळ जाळापाशी बसला, गरम काढ्याचा एक घोट घेऊन म्हणाला, "गोड आहे." जाताना म्हणाला, "खरं सांगू? तू हे का करतोयस तेच कळत नाही. तिला आता काय फरक पडणार?"

"मला पडतो."

"तुला तर आम्ही पाटीवर घालणारच आहोत."

त्याला ढवळण्यानं हाकललं.

गाळलं, मग हॉप्स घालून दीड तास उकळलं. अंगणात बर्फात ठेवून निववलं आणि बादलीबादलीनं तळघरात नेलं. पंधरा पायऱ्या. चौथ्या फेरीला गुडघे बोलायला लागले. ती हे किती वेळा चढली-उतरली असेल, याचा मी कधी हिशोब केला नव्हता. यीस्ट घातलं, झाकण सैलसर ठेवलं आणि वर येऊन झोपलो.

खरं सांगायचं तर माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. मुद्दाम बिघडवायची नाही असं मी ठरवलं होतं. बिघडवली असती तर ते खोटं झालं असतं. चांगली झाली तर मी हरलो, हेही कळत होतं. आणि तरी ती चांगली व्हावी असं वाटत होतं, कारण तशी झाली असती तर तिची चव एकदा तरी घरात परत आली असती.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पिंप गप्प. तिसऱ्या दिवशीही गप्प. वर फेसाचा एक ठिपका नाही. तळघरात वर जमिनीलगत एक बारकी खिडकी आहे, ती बुर्गी हिवाळाभर उघडी ठेवायची. आमचं दरवर्षी त्यावरून भांडण व्हायचं. मी म्हणायचो, "खालून घर गारठतंय." ती म्हणायची, "मग गोधडी घे. बिअरला गोधडी लागत नाही." मी त्या खिडकीखाली उभा होतो, बाहेरचा वारा मानेवर येत होता आणि मला वाटलं, मेलं हे. गारठून मेलं. घरात आणखी एक मेलेलं मला सहन होणार नव्हतं.

मी खिडकी लावली. फटीत चिंध्या कोंबल्या. वरची लहान कोळशाची शेगडी खाली नेली आणि पेटवली. माणूस भट्टीवर वाढला की त्याला प्रत्येक गोष्टीला जाळ लागतो असंच वाटतं. कच्ची बशी असो की आजारी पोर, उष्णता द्या, बरं होतं.

सकाळी फेस पिंपाच्या वर आला होता. पांढरा, भरघोस, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. मी त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसलो. इतका आनंद मला ऑक्टोबरपासून झाला नव्हता. पाच दिवस शेगडी चालू ठेवली, रोज चार वेळा बघायला जायचो. पाचव्या दिवशी फेस बसला. पिंपातून काढून लहान पिपात भरली, बूच मारलं आणि थंडीत ठेवून दिली. आता खिडकी उघडली. आता!

सहा आठवड्यांनी मार्चमध्ये मी एकटाच खाली गेलो आणि अर्धा मग काढला. रंग छान, सोनेरी, थोडा धुरकट. वर फेस. घोट घेतला.

मी पायरीवर बसलो. पिकून झाडाखाली पडलेल्या नासपतीचा वास, त्यात जुनं लोणी. जिभेवर तेलकट थर. शेवटी कुठेतरी हॉप्सचा कडूपणा, तोही उशिरा आल्यासारखा. बुर्गीची बिअर घशातून खाली गेली की तोंड स्वच्छ व्हायचं आणि हात आपोआप पुन्हा मगाकडे जायचा. हिला प्यायल्यावर पाणी प्यावंसं वाटत होतं. त्या तळघरात ती आता नव्हतीच.

मग उठलो. म्हटलं, ठीक आहे. माझं म्हणणं तर खरं ठरलं. आता यांना बोलवू.

रविवारी चर्चमधून सुटल्यावर दहाच्या दहा आले. काळा पाव, चीज आणि खारवलेला मुळा मांडला होता. नवं पीप उघडलं की यजमान तीन मग भरतो, आणि तिसऱ्याच्या आधी मगावर हात आडवा धरायचा नाही, अशी आमची रीत आहे. मी पहिला मग भरला. सगळ्यांनी मग वर केले, प्यायले. मी एकेकाचं तोंड बघत होतो. कोर्बिनियनचा घोट घशात अडखळला, मला दिसलं. ओटमारचे डोळे मोठे झाले. आता बोलतील, मी मनात म्हटलं. आता बोला!

कोर्बिनियननं मग खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "हं. तोच हात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठला हात?"

"तुझा रे. आणखी कुणाचा?"

"कशी लागली?"

"छान. भरीव आहे."

"ओटमार, तुला?"

ओटमार मगात बघत म्हणाला, "फळांची आठवण होते."

"कुठल्या?"

"चांगल्या."

पलीकडून एकजण म्हणाला, "बुर्गी गेली, पण लोइसची बिअर राहिली. देवाची कृपा." आणि बाकीच्यांनी टेबलावर मुठी आपटल्या.

इतका संताप मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. कारखान्यात मुकादमानं माझ्या डोळ्यादेखत दुसऱ्यानं फोडलेली बशी माझ्या नावावर घातली होती तेव्हाही नाही. ही बिअर डुकरानं तोंड फिरवावं अशी होती. आणि हे दहा बाप्ये, तिची बिअर पिऊन पोटं वाढवलेले, चव विसरून मला खोटं प्रशस्तिपत्रक देत होते! म्हणजे एकतीस वर्षं ती शाबासकीही अशीच दिली होती का? न चाखता?

दुसरा मग भरला. काठोकाठ.

"प्या."

ते प्यायले. पाव जास्त खाऊ लागले. कुणीतरी मुळ्याची बशी जवळ ओढली. गप्पा हवेवर आल्या, ट्रॅक्टरवर आल्या. ओटमार शर्टाचं वरचं बटण सोडून बसला होता. मी पुन्हा विचारलं, "काही कमी-जास्त?" सगळे म्हणाले, "नाही नाही, उत्तम."

इतक्यात दार उघडून वाल्ली आत आली. "जेवण गार झालं. कोर्बी, तुझे डंपलिंग दगड झालेत आणि तू इथं—" तिनं येताना सहज त्याचा मग उचलला, एक घोट घेतला, थांबली. मग सरळ शेगडीपाशी गेली, झाकण उघडलं आणि आत थुंकली.

"लोइस," ती म्हणाली, "तळघरात आग केली होतीस का?"

"शेगडी लावली होती."

"किती दिवस?"

"पाच."

"आणि खिडकी?"

"बंद."

"अरे देवा! मी सांगितलं होतं ना म्हातारीसारखं चालतं म्हणून? तू तिला पळवलंस." ती टेबलाकडे वळली. "आणि तुम्ही हे पिताय? दोन दोन मग? जिभा घरी ठेवून आलात?"

सगळे मगांत बघू लागले. ओटमार हळूच म्हणाला, "अगं, त्याला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटेल!" मी उठलो. खुर्ची मागे पडली. "बुर्गीचं नाव नको म्हणताना नाही रे वाटलं, लोइसला वाईट वाटेल? कबरीवर हातभार म्हणताना नाही वाटलं? मी तुम्हाला दया दाखवायला बोलावलं नव्हतं. चव सांगायला बोलावलं होतं. एवढं एक काम होतं, तेही जमलं नाही."

"ओरडू नकोस," कोर्बिनियन म्हणाला. त्याचाही चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे, वाईट आहे. फार वाईट आहे. झालं समाधान? आणि तुला काय वाटतं, बिअर बुर्गी करायची हे इथं कुणाला माहीत नव्हतं? सगळ्या गावाला माहीत होतं!"

"माहीत होतं?"

"अर्थात. तू भट्टीवरचा माणूस. तुला यीस्ट आणि ताक यातला फरक कळत नाही. पण तू तरी कधी बोललास का? एकतीस वर्षं आम्ही म्हणायचो, लोइस, तुझ्या हाताला तोड नाही, आणि तू मग वर करून म्हणायचास, धन्यवाद, मित्रांनो, धन्यवाद. एकदा तरी म्हणालास का, माझा नाही, आतली आहे तिचा हात?"

वाल्लीसुद्धा माझ्याकडे बघत होती.

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. मला आठवलं, मी तो मग वर करायचो तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडंच असायचं. सगळं आत ऐकू जायचं. ऐकताना तिचा चेहरा कसा व्हायचा, मला माहीत नाही. मी कधी वळून पाहिलं नाही.

"नाही म्हणालो," मी म्हणालो. "ते माझं पाप आहे, ते मी भोगेन. मी तुमच्यापेक्षा जास्त खाल्लंय तिचं, मला नको सांगू. पण कुंचला तुझ्या हातात आहे, कोर्बी, माझ्या नाही. तुला माहीत होतं आणि तरी तू तिचं नाव लिहीत नाहीस. मला निदान लाज तरी वाटतेय."

"अरे, पण रीत—"

"रीत ना? चल, रीतच पाळू." मी बिअरचा जग उचलला. "तिसरा मग राहिलाय."

मी त्याचा मग भरला, फेस काठावरून टेबलावर ओघळला. नासपतीचा वास सगळ्यांपर्यंत गेला. "हा पी, नाहीतर तिचं नाव लिही."

ओटमार हसायला लागला, मग थांबला, कारण मी त्याच्याही मगापाशी आलो होतो.

कोर्बिनियननं मगाकडे पाहिलं. मग वाल्लीकडे. वाल्ली हाताची घडी घालून उभी होती. नवऱ्याला न बोलता कळावं तेवढं तिच्या तोंडावर होतं. त्यानं मगाच्या कानाला हात लावला, उचलला, नाकाजवळ नेला.

आणि खाली ठेवला.

"लिहितो," तो म्हणाला.

"सगळ्यांसमोर सांग."

"लिहितो म्हटलं ना!"

"कुणाचं?"

"बुर्गीचं. बिअर बुर्गी करायची. आता तो जग बाजूला ठेव, माणसा, वासानंच गुदमरायला होतंय."

वाल्ली म्हणाली, "आणि आपल्या घरची कोण करतं, कोर्बी?" दहापैकी सहा-सात जण एकदम टोप्या शोधायला लागले.

शनिवारी मी बिअरघरात गेलो. कोर्बिनियननं शिडी लावली होती. त्याचा हात चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पांढऱ्या रंगात त्यानं पूर्ण नाव लिहिलं, नोटबुर्गा श्टाइनडल. मी खाली उभा राहून एकेक अक्षर बघत होतो. त्याला वाटलं असेल मी हळवा होईन. मी झालो नाही. मला आतून फक्त राग येत होता, की एवढंसंच तर काम होतं. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी तिला मरावं लागलं आणि मला एक पीप बिअर नासवावी लागली.

"किती वर्षं लिहू?" त्यानं वरून विचारलं.

"एकतीस. छप्पनपासून सत्त्याऐंशीपर्यंत."

त्यानं लिहिलं. मग कुंचला पुसत खाली वाकून म्हणाला, "हिच्याखाली थोडी जागा सोडतो. तुझ्यासाठी. नवरा-बायको एकाखाली एक बरं दिसेल."

"नको," मी म्हणालो. "मी मेलो तरी माझं नाव घालू नका. मी एकदाच केली, आणि ती कशी झाली ते तू प्यायला आहेस."